येतो बरं का

हवा शिल्लक : एकोणीस दिवस

ताई,

फाडायच्या आधी पहिल्या चार ओळी वाच, मग खुशाल फाड. कागद तसाही सरकारी आहे.

हौदांचं पाणी पिवळं पडलंय हे तुला मी सांगायला नको, तू रोज त्यात हात घालतेस. आईच्या गोष्टींमधली माणसं उघड्यावर श्वास घ्यायची. आपल्याला हौदातलं शेवाळ हिरवं राहिलं तरच श्वास. डॉक्टरीणबाई म्हणतात एकोणीस दिवस. आधी तुमची गल्ली जाईल, कारण ती सगळ्यात खाली. शेवटी माझी कचेरी, कारण ती सगळ्यात वर. ही रचना माझीच आहे, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

शेवाळ वाढवायचं वरचं विरजण म्हातारं झालंय. वाटीभर घातलं की अख्खा हौद लागायचा, आता पिंपभर घालूनही लागत नाही. जुनं, जोमदार विरजण एकाच ठिकाणी सापडलं तर सापडेल, खालच्या मजल्यावर. काळी बुरशी पसरली म्हणून त्या मजल्याचं दार बारा वर्षांपूर्वी मी लावलं. म्हणून आणायलाही मीच चाललोय. चार शिपाई, डॉक्टरीणबाई, एक वेल्डर आणि मी.

भावोजी खालच्या हौदांचे मुख्य होते. त्यांच्यानंतर ही विद्या फक्त तुझ्याकडे आहे. विरजण ओळखायचं कसं, कशात आणायचं, वाटेत काय सांभाळायचं, एवढं लिहून दे. भावाला देऊ नकोस, हौदांना दे.

काल तुझ्या दारापर्यंत आलो होतो. शिपायांना गल्लीच्या तोंडाशी थांबवलं, तरी गल्ली रिकामी झालीच. "कुलूप आलं, आत चला," असं कुणीतरी म्हणालं. माझं हे नाव मला ठाऊक आहे. वाईट नाही, निदान छोटं तरी आहे.

लहानपणी एकदा मी "जातो" म्हणून शाळेला निघालो, तर तू चौकापर्यंत धावत येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं. घरातल्यांनी "ये" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नसतो. काल तुझ्या बंद दाराला "येतो" म्हटलं. आतून "ये" आलं नाही. भांडं पडल्याचा आवाज आला, म्हणजे होतीस.

तुझा भाऊ
(तू मानत नसलीस तरी आईने मानला होता)


हवा शिल्लक : सोळा दिवस

ताई,

तुझी कागदाची पट्टी मिळाली. वर नाव नाही, खाली सही नाही, नुसती बारा कलमं. परटाला कपड्यांची यादी देताना माणूस याहून गोड लिहितो. पण मी ती चौदा वेळा वाचली. अक्षर अजून तसंच आहे तुझं, प्रत्येक "र" रागावलेला.

"हौदातलं घेऊ नका, ते मेलेलं असेल. कापडावर वाळवलेलं मिळालं तर तेच आणा. काळी बुरशी ओल्यावर जगते, कोरड्यावर मरते." हे सगळ्यांना पाठ करायला लावलंय. शिपाई चालता चालता पुटपुटतात. वेल्डर म्हणाला, "साहेब, आमच्या गल्लीच्या आनंदावर तुम्ही इतक्या वेळा विरजण टाकलंत, तेच साठवून ठेवलं असतं तर आज खाली उतरावं लागलं नसतं." मी त्याला काही केलं नाही. शिपाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

आता तुझं बारावं कलम. "आत कोण राहणार?"

तुझ्यापासून काही लपत नाही. खालच्या मजल्याला दोन दारं आहेत आणि मध्ये एक खोली, जिथे बाहेर येणाऱ्याला वाफेने धुतात. आतल्या दाराचं बाहेरचं चाक मी कापायला लावलं होतं, कुणाला दया येऊन उघडू नये म्हणून. आता उघडायला बाहेरून खिट्ट्या जाळता येतील, पण परत हवाबंद लावायचं तर आतलं चाक आतूनच आवळावं लागेल. नाही लावलं तर बुरशी वर येणार आणि विरजण आणून उपयोग नाही.

कोण राहणार ते ठरलंय. तू त्यात पडू नकोस.

भावोजीही आपणहून राहिले होते, हे तुला तेव्हाच सांगितलं आहे. फोनवर शेवटचं "येतो बरं का" म्हणाले. शांतपणे निरोप घेतला. तासाभरात बुरशीने सगळं संपलं, कुणाला त्रास झाला नाही. तू मात्र खालचा माल बादलीने वर ओढायच्या मालविहिरीच्या झाकणापाशी किल्ली घेऊन बसून राहिलीस, ते तिकडून वर येतील म्हणून. तुला उचलायला चार शिपाई लागले आणि त्यातल्या एकाचं बोट अजून वाकडं आहे.

तुझा भाऊ


हवा शिल्लक : पंधरा दिवस

ताई,

डॉक्टरीणबाईंनी माझंच पत्र परत आणून दिलं. त्यावर आडवं, मोठ्या अक्षरात, "आत कोण राहणार?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुझाही आणि माझाही.

वेल्डर राहणार. त्याला मी कैदेतून काढलंय. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गल्लीत मी हवा कमी केली होती, चोरलेल्या बाटल्या कुणाकडे आहेत ते कळावं म्हणून. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण मी शब्दशः अमलात आणली. त्याने मोठ्या नळाला भोक पाडून गल्लीला हवा दिली. त्याला सांगितलंय की काम झालं की तू मोकळा. आत राहायचंय हे सांगितलेलं नाही. दार उघडल्यावर त्याला शेवटी आत सोडायचा आणि बाकीच्यांनी बाहेर यायचं, असं ठरलंय. तो चाक आवळेल, कारण वर त्याची दोन माणसं आहेत.

झालं समाधान?

डॉक्टरीणबाईंनी मालविहिरीचं विचारलं. आत राहिलेल्या माणसाने दार लावून, हौद ओलांडून, विहिरीशी जावं आणि बादलीत बसून वर यावं. दोर बारा वर्षं गंजलाय. वेल्डरच्या मते तो एका माणसाचा भार एकदाच घेईल. झाकण वरूनच उघडतं, किल्ली तुझ्याकडे. मी नाही म्हटलं. एका कैद्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं बाईंना सांगितलं. तुला खरं सांगतो, त्या किल्लीसाठी तुझ्यापुढे हात पसरायला मला तोंड नाही.

उद्या निघतो.


हवा शिल्लक : बारा दिवस. मधली खोली

ताई,

चौदाशे पायऱ्या आहेत. निम्म्यांवर बर्फ आहे आणि उरलेल्या निम्म्या जागेवर नाहीत. दोन शिपाई पडले. एकाचा पाय मोडला, त्याला तिसऱ्या शिपायाबरोबर माघारी पाठवलं. दुसरा पडला तो उठला नाही. त्याच्या अंगावर मी माझा कोट घातला. त्याच्या घरी कोण कोण आहे हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं माझ्या दाराशी उभा होता. वेल्डरला माहीत होतं. दोन दिवसांच्या ओळखीत त्याने सगळं विचारून घेतलं होतं.

बाहेरचं दार उघडून आत आलो आहोत. मोठ्या ताटाएवढी जाड काच आहे आतल्या दाराला, पण पलीकडून काजळी धरलीय, काही दिसत नाही. डॉक्टरीणबाई वाफेच्या टाक्या तपासतायत. वेल्डर खिट्ट्या जाळतोय. मी पेटीवर बसून लिहितोय, कारण मघाशी तो जे बोलला ते कुणाला तरी सांगायला हवं आणि माझ्याकडे सांगायला दुसरं कुणी नाही.

ज्योत लावायच्या आधी त्याने कापलेल्या चाकाच्या खुंटावर हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हे मीच कापलं होतं. आठवतं?"

"नाही," मी म्हटलं.

"मला आठवतं. आतून ठकठक चालायची. मी करवत लावली की थांबायची. करवत थांबवली की परत सुरू. त्यांना वाटायचं, आम्ही दार उघडतोय."

त्याने ज्योत पेटवायला घेतली.

"मला का आणलंय तेही समजतं, साहेब. कापणाऱ्यानेच आत राहावं, बरोबरच आहे. फक्त घरच्यांना नीट सांगा. निरोप घेतला म्हणू नका. तेव्हा ते सगळ्यांना सांगितलं होतंत."

ताई, ती ठकठक खरी आहे. तासाभरात सगळं संपलं हे मी तुला खोटं सांगितलं होतं. नऊ दिवस चालली. पुढचं आत जाऊन आल्यावर लिहितो.


हवा शिल्लक : अकरा दिवस. दाराच्या आत

ताई,

विरजण मिळालं. ते आधी सांगतो, म्हणजे बाकीचं वाचायला तुला धीर होईल.

हौदांपर्यंत जावंच लागलं नाही. दाराच्या आतल्या चाकाला काचेची बरणी टांगलेली होती, तोंड मेणाने बंद केलेलं. आत तुझा निळा रुमाल आहे, कोपऱ्यात तुझे वेडेवाकडे टाके. विरजणात बुडवून वाळवलेला. दारावर खडूने लिहिलंय, "हे विरजण आहे. सुकलंय, मेलेलं नाही. कोमट पाण्यात सोडा." अक्षर भावोजींचं.

ते दारालाच टेकून बसले आहेत. बाकीची चाळीस माणसं त्यांच्यामागे, भिंतीला धरून, रांगेत. कोरड्या थंडीत सगळे जसेच्या तसे राहिलेत. त्यांना ठाऊक होतं की कधीतरी वर विरजण लागेल आणि कुणीतरी हे दार उघडेल. मी दारावर माझ्या नावाची शिवी शोधली. खालपासून वरपर्यंत कंदील फिरवला. एकही नाही. एखादी असती तर मला इथे उभं राहणं सोपं गेलं असतं.

भावोजींच्या मांडीवर त्यांची कामाची वही होती. तिचं शेवटून तिसरं पान तुझ्यासाठी उतरवतो.

"विहिरीशी पोचलो. पहिल्या चौघांना बादलीत बसवलं होतं. ही वर झाकणापाशी असेलच. पण सगळ्यांना चढवायला दोन दिवस लागतील आणि बुरशी एका दिवसावर आहे. म्हणून मेहुण्याला फोन केला. म्हटलं, विहिरीने दोन दिवस लागतील, तुमच्या दाराने येतो बरं का. तो म्हणाला, या. सगळ्यांना माघारी वळवलं. वाटेत बुरशीतून जावं लागेल, पण दार उघडं असेल."

आता माझी बाजू ऐक, बाजू म्हणण्यासारखी नाही तरी. फोनवर नुसती खरखर होती. मला ऐकू आलं ते एवढंच, "दोन दिवस" आणि "येतो बरं का". मला वाटलं, दोन दिवसांचेच सोबती आहेत आणि निरोप घेतायत. आपल्या घरात कुणी "येतो" म्हटलं की काय म्हणायचं ते तूच शिकवलंस. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "या." फोन ठेवला आणि दार लावायला सांगितलं.

मला खरंच निरोप वाटला, की वाटून घ्यायला सोयीचं होतं? बारा वर्षं मी स्वतःला हे विचारतोय आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

पण पहिली ठकठक ऐकली तेव्हा मला शब्दाचा अर्थ लागला होता. यात मात्र शंका नाही. तोपर्यंत ते बुरशीतून चालत आले होते. त्यांना आत घेतलं असतं तर वरच्या नऊ हजारांचे हौद काळे पडले असते. दार न उघडण्याचं मी आजही समर्थन करीन. चाक कापण्याचं करणार नाही. ते मी हौदांसाठी कापलं नाही. ठकठक वरच्या पहारेकऱ्यांना ऐकू जायला लागली होती आणि कुणीतरी दार उघडून विचारलं असतं की या लोकांना दाराशी बोलावलं कुणी. सगळ्यांना सांगितलं की दयेला वाव नको म्हणून कापलं. खरं म्हणजे मला प्रश्नाला वाव नको होता. त्यानंतर गल्ल्यांची हवा कमी करणं, माणसं उचलणं, सगळं सोपं गेलं. एकदा एवढं पचवलं की बाकीचं आपोआप पचतं.

ताई, भावोजी तुला सोडून राहिले नाहीत. त्यांनी तुझ्या झाकणापर्यंत यायची वाट धरली होती. मी त्यांना परत बोलावलं.

बरणी डॉक्टरीणबाईंकडे दिली आहे. वेल्डर चाकाशी येऊन उभा राहिला होता, बाह्या सरसावून. त्याला म्हटलं, "तू बाहेर." तो हुज्जत घालायला लागला. म्हणे, साहेबांना चाक आवळायची सवय नाही, ढिलं ठेवतील. माझ्याशी कुणी एवढी हुज्जत घातल्याला बरीच वर्षं झाली. शेवटी हुकूमच द्यावा लागला. तो मानला, पण निघताना सलाम केला नाही. माझा दंड धरला आणि सोडला.

हे पत्र तो आणील. तो मोकळा आहे, तसा कागद सोबत जोडलाय, त्यावर माझा शिक्का आहे. तुझ्याकडे मी काही मागत नाही. बाटलीत सहा दिवसांची हवा आहे. ते निघाले की चाक आवळीन आणि मग भावोजींच्या शेजारी बसेन. इतक्या वर्षांनी घरच्या माणसाशेजारी बसायला मिळतंय.

तुझा भाऊ


पट्टी, वेल्डरने बाहेरून काचेवर धरलेली

रुमाल कोमट पाण्यात सोडला. सकाळी कडेने हिरवी रेघ आली. हौद लागला.

तुझं पत्र वाचलं. चुलीत घालणार होते, मग सगळ्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवलं.

बारा वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते. झाकणापाशी बसवून स्वतः निरोप घेऊन मोकळे झाले म्हणून. तो राग तू आज माझ्याकडून काढून घेतलास. त्या जागी तुझ्यावरचा ठेवलाय, तो पुरेल.

तिथे बसून मरायचं आणि सुटायचं, हे चालणार नाही. खाली एकेचाळीस माणसं आहेत, त्यांची इथे एकेचाळीस घरं आहेत. माझं धरून. प्रत्येक दारात उभं राहून तू स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. मग ते तुझं काय करायचं ते करतील, मी मध्ये पडणार नाही.

तुझ्या बाटलीत एक दिवस उरला असेल. हौदांच्या उजव्या कडेने जा, डावीकडची फळी कुजकी होती तेव्हाच. बादलीत बसून दोर तीनदा ओढ. सावकाश ओढून घेऊ, आम्ही सातजण आहोत. वर आलास की लगेच आत घेणार नाही, बुरशी मरेपर्यंत उघड्यावर कोरड्या थंडीत, बाटली लावून, तासभर उभं राहावं लागेल. मीही उभी राहीन.

मी झाकणापाशी निघाले. किल्ली तीच आहे.

ते ज्या वाटेने यायचे राहिले, त्या वाटेने तू ये.


हवा शिल्लक : तुमच्याकडे भरपूर, माझ्याकडे एक दिवस. काचेवर, आतून, खडूने

ताई, काजळी पुसलेल्या काचेवर उलटं लिहावं लागतंय. वेल्डर, नीट उतरवून घे. तिला चुकलेलं चालत नाही.

पट्टी वाचली. भावोजींची वही खिशात घेतली आहे, ती तुझी आहे. चाक दोनदा तपासलं, ढिलं नाही. त्यांचे पाय नीट केले आणि निघालो.

उजव्या कडेने येतोय.

येतो बरं का. भावोजी म्हणाले होते त्या अर्थाने.